मल्लेशच्या नावावरचा खांदा

तुमचा उजवा खांदा तुमचाच आहे, हे तुम्ही कागदावर सिद्ध करू शकाल का?

हसू नका. डावा हात उचला, उजव्या खांद्यावर ठेवा आणि सांगा, कुठं लिहिलंय तुमचं नाव? आधार कार्डाला तुमची बोटं माहीत आहेत, डोळे माहीत आहेत. खांद्याला कोण विचारतो? सोलापुरात भवानी पेठेत हिंदुराव नावाचा माणूस राहतो. त्याला हाच प्रश्न घालून तीन वर्षं उभं केलंय, आणि अजून त्याला उत्तर देता आलेलं नाही.

हिंदुराव मूळचा मंद्रूपचा. भावाभावांत वाटणी होऊन त्याच्या वाट्याला जे रान आलं, त्यात एक बैल उभा केला असता तर दुसरा शेजाऱ्याच्या बांधावर उभा करावा लागला असता. म्हणून लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो बजाबाईला घेऊन शहरात आला आणि भवानी पेठेतल्याच टॉवेलच्या कारखान्यात लागला. आधी झाडू मारला, सुताची बोचकी वाहिली, मग त्याच्या हाती लूम आले. आजूबाजूला सगळे बापजाद्यांपासूनचे तेलुगू विणकर. ते त्याला 'रैतू' म्हणत, म्हणजे शेतकरी. "ए रैतू, हा धोटा आहे बे, नांगर नाही, हळू!" असं कुणी ओरडलं की अख्खी शेड हसायची. पण पाच-सहा वर्षांत हा रैतू नुसत्या आवाजावरून सांगायला लागला, की चौथ्या लूमचा धागा आता तुटणार. आणि तुटायचा. मग हसणं थांबलं. नाव मात्र रैतूच राहिलं.

बावीस वर्षं त्यानं ते लूम चालवले. पत्र्याची एक शेड, आत चोवीस लूम, आणि दारावर तीन पाट्या. एकाच मालकाच्या तीन फर्मा. कामगार दहा झाले की विम्याचा कायदा दारात येतो, म्हणून प्रत्येक पाटीखाली माणसं आठच. नववा माणूस पुढच्या पाटीखाली. सोलापुरात हे गुपित नाही. गुपित असतं तर निदान त्याची लाज तरी वाटली असती.

हिंदुरावाच्या शेजारच्या दोन लूमच्या जोडीवर मल्लेश होता. वयानं बरोबरीचा, तोंडानं फटकळ, हातानं विणकर. या दोघांत, आणि खरं म्हणजे त्या शेडमधल्या सगळ्यांतच, एक रीत होती. तिला ते 'नाव चालवणं' म्हणत. पाळी बारा तासांची. वर्षाच्या हजेऱ्या भरल्या तर दिवाळीचा बोनस पुरा, खाडे पडले तर मालकाचा हात आखडला. म्हणून ज्याला अडचण असेल त्याचे लूम दुसऱ्या पाळीवाल्यानं चालवायचे आणि मस्टरवर नाव मात्र त्याचंच लागायचं. मुकादमाला हे माहीत होतं. मालकालाही माहीत होतं. टॉवेल निघतायत ना, मग नाव कुणाचं का असेना! हिंदुरावाची आई वारली तेव्हा तो दहा दिवस मंद्रूपला सुतकात होता. मस्टरप्रमाणे ते दहाही दिवस तो टॉवेल विणत होता. ते नाव मल्लेशनं चालवलं होतं.

तेव्हा दोन हजार बावीसच्या ऑगस्टात मल्लेशनं मागितलं, तर हिंदुराव नाही कसा म्हणणार?

"काय बे रैतू, उद्या माझं नाव चालवतो का? भिवंडीचे पाहुणे येऊ लागलेत, पोरीला बघायला."

"रात्रपाळी हाय की माझी ह्या आटवड्यात."

"मग काय झालं? रात्री तुझं नाव, दिवसा माझं. चोवीस तासांचा मालक होशील बे."

"मालक कसला, बैल हुईन," हिंदुराव म्हणाला. "पर जा. पोरीचं काम हाय. दोन लाडू ठिव मला."

तेवीस तारीख. श्रावणातला मंगळवार. रात्रीचे बारा तास हिंदुराव या नावानं संपवून सकाळी सात वाजता तो नळावर तोंड धुऊन आला आणि मल्लेश या नावानं लूमपुढं उभा राहिला. साडेदहाच्या सुमारास एका लूमचा बीम संपला. लोखंडी रुळावर हजारो धागे घट्ट गुंडाळलेले असतात, त्याला बीम म्हणतात. भरलेला बीम दोन माणसांच्या वजनाचा. तो चढवायला साखळीची कप्पी होती, पण ती आदल्या दिवाळीपासून बिघडलेली. चौघांनी उचलायचा असतो. चौघं गोळा करायचे म्हणजे आणखी लूम बंद ठेवायचे. मुकादम निंगप्पा म्हणाला, "चल, आपण दोघं घिऊ."

हिंदुरावानं आपलं टोक उजव्या खांद्यावर घेतलं. निंगप्पानं दुसरं घेतलं, आणि तिसऱ्या पावलाला त्याचा पाय सांडलेल्या तेलावर गेला. त्यानं टोक सोडून दिलं. सगळा बीम फिरून हिंदुरावावर आला. खांद्यात काहीतरी मोडल्याचा, ओल्या काटकीसारखा आवाज झाला. लूमच्या खडखडाटात तो फक्त त्यालाच ऐकू आला. बाकीच्यांनी पाहिलं. पाहिलं, आणि मग आपापल्या लूमकडं बघितलं.

हात लोंबत होता. निंगप्पाचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोकं जागेवर होतं. "हितं बसू नको," तो म्हणाला. "मालक यायच्या आत दवाखान्यात जा. मी माझी गाडी घिऊन मागनं येतो." त्यानं गेटबाहेर जाऊन जाणारी एक रिक्षा थांबवली आणि हिंदुरावाला आत बसवून दिलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी निंगप्पा त्याच्या आधी पोचला होता. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. निंगप्पानं सांगितलं, "मल्लेश," आणि पुढं मल्लेशचं आडनाव, मल्लेशचं वय.

हिंदुरावानं त्याच्याकडं बघितलं.

"असा बघू नको," निंगप्पा कानाशी कुजबुजला. "आज मस्टरवर कुणाचं नाव हाय? तुजं नाव लावलं तर त्याची हजेरी गेली, वर खोटं मस्टर भरल्याबद्दल दोघं बी गेला. तिकडं त्याच्या पोरीचं बगणं चालू हाय. हू म्हण, पुढं मी बगतो."

आतून नर्सनं आवाज दिला, "मल्लेश कोण?"

हिंदुरावानं डावा हात वर केला. "मी."

एवढंच बोलला तो. बावीस वर्षांची सवय होती. दुसऱ्याच्या नावाला 'मी' म्हणायला त्याला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण सांगा, ज्या शेडमध्ये नाव म्हणजे नुसती टॉवेल मोजायची खूण, तिथं माणूस नाव कसं जपणार?

डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला. ओरडला हिंदुराव, लाजला, पुन्हा ओरडला. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, आतल्या शिरा फाटल्यासारख्या वाटतात, मोठी तपासणी करा, ऑपरेशन लागेल, लवकर या. केसपेपर निंगप्पानं खिशात घातला. एक्स-रेची निळी प्लेट तेवढी हिंदुरावाच्या काखेत राहिली.

आठ दिवसांनी तो ऑपरेशनचं विचारायला सरकारी योजनेच्या खिडकीवर गेला. रेशन कार्डावर हिंदुराव, दवाखान्यात नोंद मल्लेशची. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्यानं दोनदा बघितलं आणि म्हणाला, "मामा, कार्डावरचा माणूस आणि खांद्याचा माणूस एकच लागतो हो."

नव्यानं स्वतःच्या नावावर केसपेपर काढता आला असता. पण निंगप्पा म्हणाला, थांब, मालक बघतायत. मालकानं पहिल्या महिन्यात सफरचंदं पाठवली. दुसऱ्या महिन्यात निरोप पाठवला. तिसऱ्या महिन्यात काहीच पाठवलं नाही. चौथ्या महिन्यात हिंदुराव स्वतःच्या नावानं दवाखान्यात गेला, तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, शिरा आखडून आत गेल्या, आता कापून फारसा फायदा नाही.

डिसेंबरात मल्लेशच्या पोरीचं लग्न झालं. भिवंडीचं स्थळ जमलं होतं. लाडू खरे ठरले. मांडवात हिंदुरावानं डाव्या हातानं अक्षता टाकल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी वळून म्हणाली, "शुभकार्यात डावा हात?" मल्लेशनं ते ऐकलं आणि मान खाली घातली. तेव्हा त्याला लाज होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात.

लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात हिंदुराव मालकापुढं जाऊन उभा राहिला. मालकानं मस्टर उघडून त्याच्यापुढं सरकवलं. "बघ बाबा. बावीस तारखेची रात्रपाळी करून तू तेवीसला सकाळी सातला सुटलास. इथं लिहिलंय. त्यानंतर कुठं पडलास, कुठं धडपडलास, मला काय माहीत?"

"मालक, बीम हितं पडला. निंगप्पाला इचारा."

निंगप्पा दारात उभा होता. त्याला विचारायची गरजच पडली नाही. तो बीमकडं बघत होता.

तिथून ही नुकसानभरपाईची केस सुरू झाली. वकील राजनंदिनी, वयानं लहान, आवाजानं मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मामा, तुम्ही स्वतःलाच पुसून टाकलंत. मस्टरमध्ये तुम्ही नाही, दवाखान्यात तुम्ही नाही. आता एकच उपाय. मल्लेशनं कोर्टात एक वाक्य बोलायचं. 'त्या दिवशी मी कामावर नव्हतो, माझ्या जागी हिंदुराव होता.' बस्स. हे वाक्य आलं तर केस उभी, नाही आलं तर आडवी."

"बोलंल की," हिंदुराव म्हणाला. "त्याच्या पोरीच्या पायीच तर झालंय."

घरी बजाबाईनं हे ऐकलं. हिंदुरावाला सदरा घालायला आता तीच लागायची. आधी दुखरा हात बाहीत सरकवायचा, मग डोकं, मग बरा हात. लहान लेकरासारखं. टॉवेलचे सुटलेले दोरे कापायचं काम ती घरी आणायची. त्याच कारखान्यांच्या टॉवेलांचं, कारण दुसरं काम इथं आहे कुठं? कात्री चालवता चालवता ती म्हणाली, "आवो, बावीस वर्सं लोकांची नावं चालवलीसा. आता तुमचं चालवायला कोण येतंय ते बगू."

ती दर वेळी वाईटच बोलते, असं हिंदुराव म्हणायचा. ती दर वेळी खरं बोलते, असं शेजारी म्हणायचे.

मल्लेशला तो चहाच्या टपरीवर भेटला. मल्लेश आता लूमवर नव्हता. मालकानं त्याला जॉबर केलं होतं, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणारा. पाना खिशात, पगार महिन्याचा. त्याची बायको त्याच कारखान्याच्या शिलाईत, मुलगा पॅकिंगला. हे सगळं दिवाळीनंतरच्या तीन महिन्यांत झालं होतं. मालकानं त्याला कधी तोंडानं काही सांगितलं नाही. सांगायची गरज नसते. असा पाना खिशात आला की माणूस न सांगता समजतो.

"एकच वाक्य हाय, मल्लेश."

मल्लेशनं चहा बशीत ओतला, प्यायला नाही. "तुला एक वाटतंय बे. मला तिथं तीन नावं दिसतात. माझं, बायकोचं, पोराचं. तिन्ही त्याच छपराखाली."

"माजा हात वर जात न्हाय."

"दिसतंय मला."

"सदरा बायकू घालती. रातीला उजव्या अंगावर झोपलो तर मेल्यागत हुतंय."

"दिसतंय म्हटलं ना बे!" मल्लेश ओरडला. टपरीवरचे दोघं-तिघं वळले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तूच का 'मी' म्हणालास तिथं? म्हणायचं होतंस की, मी हिंदुराव म्हणून. मी तुला हे कर म्हटलं होतं का?"

चहाचे पैसे हिंदुरावानंच दिले.

पहिल्यांदा साक्ष हिंदुरावाची झाली. मालकाचा वकील गोड बोलायचा. "काका, तुम्ही म्हणता रात्री बारा तास काम केलं, आणि लगेच दिवसाही उभे राहिलात. माणूस आहात की यंत्र? सलग सोळा तास कुणी काम करतं का?"

"करत्यात की साहेब. सगळेच करत्यात."

"कायद्यानं चालतं का ते?"

कायद्यानं चालत नाही, म्हणून घडलं नाही. असला हा हिशेब! मालकानं कायदा मोडायचा, आणि मोडला हे कामगारानं सांगितलं की त्यालाच म्हणायचं, छे, कायद्यात बसत नाही, तू खोटं बोलतोस.

मग मल्लेश आला. पांढरा सदरा, लग्नातलाच. शपथ घेतली. मालकाच्या वकिलानं केसपेपरची नक्कल पुढं केली. "हा कुणाचा?"

"माझाच."

"काय झालं होतं?"

"खांदा दुखत होता वो. चमक भरली होती."

"आता कसा आहे?"

"बरा झाला."

"हात वर करून दाखवा साहेबांना."

मल्लेशनं उजवा हात उचलला. सरळ, पुरा, छताकडं. मनगटावर पोरीच्या लग्नातला लाल दोरा होता, दीड वर्षात त्याचा रंग उतरलेला. हिंदुराव मागच्या बाकावर बसला होता. तो मल्लेशच्या तोंडाकडं बघत नव्हता. हाताकडं बघत होता. बजाबाईला त्यानं रात्री एवढंच सांगितलं, "लई सहज गेला गं वर."

राजनंदिनीनं उलटतपासणीत मल्लेशला हरप्रकारे खोदून विचारलं. पाहुणे कुठल्या तारखेला आले, पोहे कुणी केले, सगळं. मल्लेश एकच बोलत राहिला, "आठवत नाही वो." पोरीला बघायला आलेला दिवस बापाला आठवत नाही! पण कोर्टात न आठवणं हा गुन्हा नाही.

केस आडवी झाली, असं सगळ्यांनाच वाटलं. राजनंदिनी दुसऱ्या एका कागदावर सही घ्यायला घरी आली, तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीतून येत होतं. खिडकीची एक काच फुटकी. तिथं बजाबाईनं काहीतरी निळं अडकवलं होतं, पारवे आत येऊ नयेत म्हणून. उन्हात त्यात बरगड्या दिसत होत्या.

"मावशी, हे काय?"

"ते व्हय? ह्यांच्या खांद्याचा फोटू हाय. तवाचा."

राजनंदिनीनं प्लेट काढली. कोपऱ्यात तारीख होती, तेवीस ऑगस्ट, आणि नाव मल्लेशचं. तिनं ती उजेडात धरली. मानेखालच्या हाडावर मधोमध एक जाड गाठ होती, जुनी, सांधलेली.

"ही गाठ कसली?"

"ती व्हय," हिंदुराव म्हणाला आणि डाव्या हातानं सदऱ्याचं बटण काढून दाखवलं. गळ्याशेजारी हाडावर गाठ होती, बोटाला लागणारी. "मंद्रूपच्या तालमीत पडलो हुतो. तेरा वर्साचा आसंन. वैद्यानं बांदलं, पर वाकडं जुळलं."

राजनंदिनी मोठ्यानं हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. "मामा, मल्लेशचं हाड कधी मोडलंय?"

"न्हाय की. तालमीचं तोंड बी बगितलं न्हाय त्यानं."

"मग हा खांदा तुमचा आहे. यावर देवानंच तुमचं नाव लिहून ठेवलंय."

त्या दिवशी बजाबाईनं शिरा केला. हिंदुरावानं डाव्या हातानं दोनदा वाढून घेतला. एवढाच काय तो आनंद या गोष्टीत आहे. मोजून घ्या.

डॉक्टर साक्षीला आले. त्यांनी प्लेट बघितली, हिंदुरावाचा नवा एक्स-रे बघितला, आणि स्वच्छ सांगितलं, दोन्हीतलं हाड एकाच माणसाचं आहे. राजनंदिनीनं वळून हिंदुरावाकडं बघितलं. हिंदुराव उठून उभा राहिला होता, कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं तरी.

मालकाचा वकील मात्र जराही डगमगला नाही. पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "साहेब, आम्ही मान्य करतो. प्लेट यांचीच आहे. म्हणजे या गृहस्थांनी सरकारी दवाखान्यात खोटं नाव सांगितलं. जो स्वतःचं नाव खरं सांगत नाही, तो जखम कुठं झाली हे खरं सांगेल? आणि डॉक्टरसाहेबांनी आणखी एक उपकार केला. हाड पस्तीस वर्षांपूर्वीच मोडलेलं होतं, हे सिद्ध केलं. मोडका खांदा घेऊन माणूस आमच्याकडं आला, बावीस वर्षं आम्ही तो सांभाळला, आणि आता तो आमच्याकडं नवा मागतोय."

दोन-चार वकील हसले.

बघितलंत? आधी म्हणाले, हा खांदा तुझा नाही. तुझाच आहे हे सिद्ध केलं, तर म्हणाले, मग तो आधीपासूनच मोडका. ज्या हाडानं त्याला वाचवलं, त्याच हाडानं त्याला मारलं. असा दांडपट्टा असतो यांचा. कुठूनही धरा, तुमच्याच हाताला कापतो.

राजनंदिनी भांडली. हाड वेगळं, शिरा वेगळ्या. हाड तेराव्या वर्षी मोडलं, आणि त्यानंतर याच खांद्यानं बावीस वर्षं बीम वाहिले. न्यायाधीश साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून त्यांनी एकच विचारलं, "हा माणूस त्या दिवशी दुखापत होऊन कारखान्यातून बाहेर पडला, हे पाहिलेलं कुणी आहे का? कारखान्याबाहेरचं, मालकाच्या पगारावर नसलेलं?"

मल्लेश आता पगारावर नव्हता. प्लेट कोर्टात आली त्याच आठवड्यात मालकानं त्याला काढलं. खोटं मस्टर भरलं म्हणून! जे मस्टर मालकाच्याच टेबलावर बावीस वर्षं असंच भरलं गेलं. बायकोला शिलाईतून, मुलाला पॅकिंगमधून, तिघांनाही एकाच दिवशी. तिन्ही नावं गेली. बजाबाई म्हणाली, "बरं झालं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पोराचं काय चुकलं हुतं?"

हिंदुराव त्याच्या घरी गेला. आता तरी ते वाक्य बोल, असं सांगायला. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, जावयाकडं गेले सगळे, भिवंडीला. मल्लेशचा फोन लावला तर तो नंबर बंद. राजनंदिनी म्हणाली, तो आला तरी आता त्याच्या बोलण्याला किंमत नाही, एकदा शपथेवर खोटं बोललाय. ज्या लग्नासाठी हिंदुरावानं नाव चालवलं, त्याच लग्नाच्या घरी त्याचा साक्षीदार जाऊन लपला.

त्या रात्री हिंदुरावाला एक गोष्ट आठवली. तीन वर्षांत त्याला ती कुणी विचारली नव्हती, म्हणून त्यानं सांगितली नव्हती.

रिक्षा.

गेटबाहेर निंगप्पानं थांबवलेली ती रिक्षा. चालवणारा तिशीतला असावा, दाढी राखलेला. त्यानं आरशातून बघितलं आणि रिक्षा लगेच बाजूला घेतली. "क्या हुआ चचा? हात लटकरा पूरा."

"बीम पडला. कारखान्यात."

"अरे अल्ला! नाम क्या तुमारा? बात करते रहो, सोना नको."

"हिंदुराव," तो म्हणाला. "मंद्रूपचा."

त्या दिवशी त्यानं आपलं खरं नाव फक्त या एका माणसाला सांगितलं. त्या माणसानं आपल्या गळ्यातला टॉवेल काढला, हात त्यात बसवला, गळ्यामागं गाठ मारली आणि दवाखान्यापर्यंत खड्डे चुकवत नेलं. उतरल्यावर हिंदुराव डाव्या हातानं खिसा चाचपडायला लागला, तर तो म्हणाला, "रहने देव, पहले अंदर जाव." आणि गेला.

तेव्हापासून हिंदुराव रिक्षाथांब्यांवर फिरतो. स्टेशन, सात रस्ता, बाळीवेस. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातात पिशवी. प्रत्येक रिक्षात वाकून बघतो. काहींना तो वेडा वाटतो. एक जण म्हणाला, "मामा, तीन वर्षांत मी तीन रिक्षा बदलल्या, तुम्ही माणूस शोधताय?" कुणी म्हणतं, असेल कुणीतरी, कुणी म्हणतं, कोविडनंतर कितीतरी पोरं पुण्याला गेली. संध्याकाळी तो घरी येतो, बजाबाई त्याचा सदरा काढते, आधी बरा हात, मग डोकं, मग दुखरा.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. साहेबांनी सांगितलंय, साक्षीदार आणायची ही शेवटची संधी. मागच्या आठवड्यात हिंदुराव म्हणाला, "न्हाय घावला तर न्हाय. मलाच आता कदीकदी वाटतंय, त्या दिवशी मी हुतो का न्हाय तितं." हे तो रागानं म्हणाला नाही, रडूनही नाही. जसं आपण म्हणतो की पाऊस आला नाही, तसं म्हणाला. बजाबाईची कात्री तेवढी थांबली होती.

म्हणून हे तुम्हाला आहे. दोन हजार बावीसच्या श्रावणात, तेवीस ऑगस्टला, मंगळवारी सकाळी अकराच्या आत-बाहेर तुम्ही भवानी पेठेतून एका लोंबत्या हाताच्या माणसाला मोठ्या दवाखान्यात सोडलं असेल, त्याला नाव विचारलं असेल, आणि तो 'हिंदुराव, मंद्रूपचा' म्हणाला असेल, तर कोर्टात या. दुसरं काही बोलायचं नाही. त्यानं सांगितलेलं नाव सांगायचं आणि कुठून बसला ते सांगायचं. तुम्ही तो रिक्षावाला नसाल, पण त्याला ओळखत असाल, तर त्याला हे वाचून दाखवा. आणि त्याला कोर्टाची भीती वाटत असेल, तर कोर्टाचं नाव काढू नका, भवानी पेठेत हिंदुरावाचं घर विचारून या, एवढंच सांगा. पांढऱ्या टॉवेलला निळी किनार आहे, एका कोपऱ्याला ऑइलचा डाग आहे, बजाबाईनं तो तीनदा धुतला, तरी निघाला नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवलाय. निदान तुमचा टॉवेल न्यायला तरी या.